हिऱ्याला निळा करणारा बोरॉन, कोळशाला कामाला लावणारा नायट्रोजन

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला होप हिरा ४५.५२ कॅरटचा आहे आणि गडद निळा आहे. तो आजच्या आंध्र प्रदेशातल्या कोल्लूर खाणीतून निघाला असं मानलं जातं. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने मूळचा मोठा खडा युरोपात नेला आणि पुढे पैलू पाडता पाडता तो लहान होत गेला. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, आणि निव्वळ कार्बनच्या निर्दोष हिऱ्याला रंग नसतो. मग हा निळा कुठून आला? दहा लाख कार्बन अणूंमध्ये बोरॉनचे अगदी मोजके अणू शिरले आहेत, त्यातून.

बोरॉनकडे जोडणीसाठी तीन इलेक्ट्रॉन असतात, कार्बनकडे चार. कार्बनच्या रचनेत बोरॉन बसला की एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेमुळे हिरा तांबड्या बाजूचा प्रकाश शोषतो आणि निळा तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. त्याच रिकाम्या जागेमुळे निळ्या हिऱ्यातून वीजही वाहते. एरवी हिरा वीज अजिबात वाहू देत नाही. नायट्रोजन शिरला तर गोष्ट वेगळी होते, हिऱ्यावर पिवळी झाक येते. म्हणजे मूळ पदार्थ तोच, पण मूठभरही नसलेले परके अणू त्याचा रंग आणि स्वभाव दोन्ही बदलून टाकतात.

असे परके अणू हेतुपुरस्सर घालण्याला डोपिंग म्हणतात. मोबाइलमधल्या चिपचं सिलिकॉन याच युक्तीवर चालतं. तिथे प्रमाण फार थोडं असतं, बहुतेकदा दहा लाखांत एक किंवा त्याहूनही कमी. कोळसा, ग्राफाइट अशा काळ्या कार्बनच्या बाबतीत मात्र शंभर अणूंमागे दोन, पाच, कधी दहा अणू बदलले जातात. इतके अणू बदलले की नुसती वीज वाहण्याची रीत बदलत नाही, पृष्ठभागाचं रसायनच बदलतं. कोणता रेणू तिथे येऊन बसेल, किती घट्ट बसेल, कधी सुटेल, हे सगळं नव्याने ठरतं. म्हणून अशा कार्बनचा उपयोग इंधनातून थेट वीज काढणाऱ्या इंधन-घटात, बॅटरीत, वीज झटपट साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये आणि रक्तातली किंवा हवेतली एखादी गोष्ट ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये होतो.

या सगळ्या ठिकाणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: काम नेमका कोणता अणू करतोय? माझ्या मते या क्षेत्रातला सगळा रस आणि सगळे वाद याच प्रश्नात आहेत.

जाळीतला एक अणू बदलला तर

पेन्सिलच्या शिशात ग्राफाइट असतं. त्यात कार्बनचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. प्रत्येक थर म्हणजे षटकोनांची सलग जाळी. असा एकच थर सुटा केला की त्याला ग्राफीन म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो सुटा करून दाखवला आणि २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जाळीत प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. त्याचा चौथा इलेक्ट्रॉन सगळ्या थरावर मोकळा फिरतो, म्हणून ग्राफाइटमधून वीज वाहते.

पण शुद्ध, अखंड जाळी रसायनाच्या दृष्टीने आळशी असते. सगळे अणू सारखे, सगळीकडे विद्युतभार सारखा, त्यामुळे बाहेरून आलेल्या ऑक्सिजनच्या रेणूला कुठेही टेकायचं कारण मिळत नाही. इथे नायट्रोजन कामाला येतो. तो आकाराने कार्बनपेक्षा किंचितच लहान, म्हणून जाळीत फारशी ओढाताण न करता बसतो. शिवाय इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची त्याची ताकद जास्त. ती मोजण्याच्या नेहमीच्या पट्टीवर कार्बन २.५५ वर आहे आणि नायट्रोजन ३.०४ वर. त्यामुळे नायट्रोजनच्या शेजारचे कार्बन थोडे धनभारित होतात आणि सपाट, उदासीन थरावर ऑक्सिजनला धरण्याजोग्या जागा तयार होतात. बोरॉन २.०४ वर असल्याने उलटा वागतो. गंधक २.५८ वर, म्हणजे जवळजवळ कार्बनइतकाच, पण अणू मोठा. तो जाळीच्या मधोमध सहसा मावत नाही, कडेला बसतो आणि थर वाकवतो. फॉस्फरसही असाच मोठा.

ऑक्सिजनची कुरकुर

हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन-घटात एका बाजूला हायड्रोजन इलेक्ट्रॉन सोडतो आणि दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन ते घेऊन पाणी बनतो. हायड्रोजनची बाजू सहज चालते, अडतं ते ऑक्सिजनच्या बाजूला. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवून एकूण चार इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, आणि तेही पायरीपायरीने. दोनच इलेक्ट्रॉन देऊन प्रक्रिया थांबली तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो. म्हणजे ऊर्जा अर्धवट मिळते, आणि तोच पेरॉक्साइड घटाच्या दोन बाजूंमधला पडदा कुरतडतो.

हे काम प्लॅटिनम चांगलं करतं, पण प्लॅटिनम महाग आहे आणि जगातला बहुतेक पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून येतो. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनवर चालणारी बस लोकांसमोर आली. अशा बस रस्त्यावर हजारोंनी यायच्या असतील तर प्लॅटिनम कमी कसं करायचं हा प्रश्न चुकत नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठातले लिमिंग दाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. उभ्या गवतासारख्या ओळीने वाढवलेल्या अतिसूक्ष्म कार्बन नळ्यांमध्ये त्यांनी नायट्रोजन घातला होता. अल्कधर्मी द्रावणात या नळ्यांनी ऑक्सिजनचं काम प्लॅटिनमच्या बरोबरीने, किंबहुना सरस केलं. कार्बन मोनॉक्साइड आला की प्लॅटिनमचा पृष्ठभाग त्याने व्यापला जातो आणि काम मंदावतं. या नळ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. त्यांचं स्पष्टीकरण वर सांगितलं तेच होतं: नायट्रोजनने शेजारचे कार्बन धनभारित केले आणि ऑक्सिजन त्यांच्यावर आडवा टेकला. आडवा टेकल्यामुळे त्याचा बंध दोन्ही टोकांनी सैल झाला.

या निबंधानंतर जगभर प्रयोगशाळांनी कार्बनमध्ये नायट्रोजन घालायला घेतला. मग बोरॉन, गंधक, फॉस्फरस, फ्लोरीन, आयोडीन, दोन-दोन आणि तीन-तीन एकत्र. जवळजवळ प्रत्येक निबंधाचा निष्कर्ष एकच असायचा, आमचा कार्बन साध्या कार्बनपेक्षा चांगला.

नायट्रोजन बसलाय कुठे?

शंभरात पाच नायट्रोजन आहेत एवढं कळून फारसा उपयोग नाही. षटकोनाच्या कडेला दोनच कार्बनांशी बांधलेला नायट्रोजन वेगळा, पाच कोनांच्या कड्यात बसलेला वेगळा, आणि जाळीच्या मधोमध तीन कार्बनांमध्ये बसलेला वेगळा. पहिल्याला पिरिडिनिक म्हणतात, दुसऱ्याला पायरोलिक, तिसऱ्याला ग्राफिटिक. पिरिडिनिक नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी बाहेर तोंड करून असते. ग्राफिटिकचा जादा इलेक्ट्रॉन सगळ्या थराला मिळतो, त्यामुळे वीज चांगली वाहते.

हे ओळखायचं कसं? क्ष-किरण मारून अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवायचा आणि तो किती ऊर्जेने बांधलेला होता ते मोजायचं. पिरिडिनिक नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन साधारण ३९८.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टला दिसतो, पायरोलिकचा ४०० च्या आसपास, ग्राफिटिकचा ४०१ च्या थोडं पुढे. आकडे किती जवळजवळ आहेत बघा. प्रत्यक्षात संगणकाच्या पडद्यावर तीन सुटे सुळके दिसत नाहीत, एकच फुगीर टेकडी दिसते. संगणकाला सांगून तिच्यात तीन-चार टेकड्या बसवाव्या लागतात. दोन माणसांनी एकच मोजणी घेऊन वेगवेगळी टक्केवारी काढणं अगदी शक्य असतं. एखाद्या निबंधात ‘पिरिडिनिक ४३.२ टक्के’ असं दशांशासकट लिहिलेलं दिसलं की तो दशांश मी तरी मनावर घेत नाही.

कोणता नायट्रोजन उपयोगी यावर बरीच वर्षं दोन तट होते. २०१६ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या गटाने याचं उत्तर वेगळ्या वाटेने शोधलं. गुंतागुंतीची काळी पूड न वापरता त्यांनी ग्राफाइटचे स्वच्छ, सपाट नमुने घेतले. काहींत बहुतेक पिरिडिनिक नायट्रोजन होता, काहींत बहुतेक ग्राफिटिक. मग आम्लात दोघांची तुलना केली. क्रियाशीलता पिरिडिनिकच्या प्रमाणाबरोबर वाढत गेली, आणि ऑक्सिजन टेकत होता तो नायट्रोजनवर नव्हे, त्याच्या शेजारच्या कार्बनवर. म्हणजे नायट्रोजन स्वतः काम करत नाही, शेजाऱ्याकडून करून घेतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यांनी आणखी एक चांगला पदार्थ बनवण्याच्या शर्यतीत न उतरता प्रश्न एका वेळी एकच बदल होईल असा मांडला.

पण काम करतोय तो नायट्रोजनच ना?

ग्राफीन मोठ्या प्रमाणावर बनवायची नेहमीची पद्धत अशी: ग्राफाइट तीव्र आम्लात घालायचं, त्यात पोटॅशियम परमँगनेट टाकून त्याचं ऑक्सिडीकरण करायचं, थर सुटे करायचे आणि मग ऑक्सिजन काढून टाकायचा. परमँगनेटमध्ये मँगनीज असतं. ग्राफाइट खाणीतून आलेलं असेल तर त्यात लोह, निकेल, कोबाल्ट असे धातू आधीच असतात. कितीही धुतलं तरी दहा लाखांत काही भाग मागे राहतातच.

रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की मँगनीजचे असे उरलेसुरले अंशसुद्धा ऑक्सिजनच्या प्रक्रियेला हातभार लावायला पुरतात. ‘धातुविरहित’ म्हणून मिरवलेल्या ग्राफीनचं श्रेय अनेकदा धातूचं होतं. २०२० मध्ये त्याच पुमेरांनी प्राग इथल्या सहकाऱ्यांबरोबर आणखी एक प्रयोग छापला. डोपिंगसाठी महागडी रसायनं न वापरता त्यांनी पक्ष्यांची विष्ठा घेतली. तिच्यात नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक, क्लोरीन सगळं असतंच. ग्राफीनबरोबर ती तापवली आणि तयार झालेला पदार्थ साध्या ग्राफीनपेक्षा सरस ठरला. निबंधाचा रोख अगदी गंभीर होता: काहीही मिसळलं तरी ग्राफीन सुधारत असेल, तर ‘आम्ही अमुक मूलद्रव्य मिसळलं आणि सुधारणा झाली’ यातून ज्ञानात भर काय पडली?

मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण त्यावरून सगळं क्षेत्र पोकळ आहे असं म्हणणंही चूक. त्सुकुबाच्या प्रयोगासारखे स्वच्छ प्रयोग उभे आहेत. तापवलेल्या कार्बनमध्ये छिद्रं वाढतात, कडा वाढतात, दोष वाढतात, आणि त्यांचाही परिणाम असतो. म्हणून नायट्रोजन न घालता तंतोतंत तसाच तापवलेला नमुना शेजारी ठेवून मोजलं पाहिजे आणि धातूंचं प्रमाण वेगळं तपासलं पाहिजे. एवढं करणारे निबंध कमी असतात, पण विश्वास त्यांच्यावरच ठेवावा.

दुसरा एक गट म्हणाला, धातूला लपवायचं कशाला, उघडपणे कामाला घ्यावा. लोहाचा एकेक सुटा अणू चार नायट्रोजनांच्या पकडीत धरून कार्बनच्या जाळीत बसवायचा. ही रचना आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या गाभ्यासारखीच आहे. तिथेही लोह चार नायट्रोजनांच्या मधोमध बसतं आणि ऑक्सिजन धरतं. या दिशेची सुरुवात जुनी, १९६४ मध्ये जॅसिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिन (यातही कोबाल्ट चार नायट्रोजनांच्या पकडीत असतो) वापरून दाखवलं होतं. २००९ मध्ये क्वेबेकमधल्या दोदले यांच्या गटाने लोहाचा असा उत्प्रेरक आम्लधर्मी घटात प्लॅटिनमच्या जवळ आणून ठेवला. आणि आम्लातच खरी परीक्षा असते, कारण निव्वळ नायट्रोजनचा कार्बन अल्कधर्मी द्रावणात चमकतो, आम्लात मात्र मागे पडतो. गाड्यांमधले आजचे घट आम्लधर्मी पडद्याचे आहेत.

लोहाची अडचण टिकाऊपणाची. सुरुवातीची क्रियाशीलता पहिल्या काही दिवसांतच भराभर घसरते. पकडीतून लोह सुटतं, पेरॉक्साइडशी मिळून कार्बनवरच हल्ला करतं. तरी कॅनडाच्या बॅलार्ड आणि जपानच्या निशिनबो या कंपन्यांनी २०१७ मध्ये हवेच्या बाजूला प्लॅटिनमऐवजी कार्बनचा उत्प्रेरक वापरलेला छोटा घट बाजारासाठी जाहीर केला होता. बससाठी अजून वेळ आहे, पण छोट्या उपकरणांसाठी रस्ता उघडलेला आहे.

ऑक्सिजनचं हेच काम तुमच्या घरातही कुणाच्या कानात चालू असेल. श्रवणयंत्राचा बटणाएवढा सेल बघा. त्याच्या पाठीवर रंगीत कागदी पट्टी चिकटवलेली असते. ती ओढून काढली की खाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. त्यातून हवा आत शिरते, ऑक्सिजन कार्बनच्या पातळ थरावर पोहोचतो आणि जस्त झिजत वीज देतं. म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून सेल यंत्रात घालायला सांगतात. हा जस्त-हवा सेल एकदाच वापरायचा असतो. पुन्हा चार्ज करता येईल असा बनवायचा तर त्याच कार्बनने ऑक्सिजन घेतलाही पाहिजे आणि उलट दिशेने सोडलाही पाहिजे. सोडताना कार्बन स्वतःच जळू लागतो, आणि तिथे आज बरंच संशोधन अडलेलं आहे.

वाळलेला कडुनिंब

वीज साठवण्याच्या कामाचं एक उदाहरण पुण्यातलं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कडुनिंबाची वाळून पडलेली पानं घेतली, पूड केली आणि हवा न लागू देता तापवली. बस्स, एवढंच. एरवी असा कार्बन सच्छिद्र करायला वेगळं रसायन घालून त्याला पुन्हा तापवावं लागतं, बहुतेकदा कॉस्टिक पोटॅश. इथे ती पायरी लागली नाही. पानातल्या मऊ सेंद्रिय भागाने आणि क्षारांतल्या धातूंनी ते काम आतल्या आत केलं असं त्यांनी मांडलं. मिळालेल्या कार्बनच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग सुमारे १,२३० चौरस मीटर भरला, म्हणजे पाव एकराहून जास्त. अशोकाच्या पानांवरही त्यांनी तोच प्रयोग केला आणि दोन झाडांच्या पानांतून निघालेला कार्बन वेगवेगळा निघाला. पानात जे आहे ते कार्बनमध्ये उतरतं.

सुपरकपॅसिटरला हा पृष्ठभागच हवा असतो. त्यात बॅटरीसारखी मोठी रासायनिक उलथापालथ होत नाही. कार्बनवर विद्युतभार आला की द्रावणातले विरुद्ध भाराचे आयन त्याला चिकटून उभे राहतात, मधे नॅनोमीटरहून कमी अंतर असतं. म्हणून तो सेकंदांत भरतो, सेकंदांत रिकामा होतो आणि लाखो वेळा वापरता येतो. मात्र नुसता पृष्ठभाग मोठा असून भागत नाही. पुण्याच्या पेठांतले बोळ कितीही असले तरी त्यांना जोडणारा रुंद रस्ता नसेल तर गाडी आत पोहोचत नाही. तसंच अतिबारीक छिद्रांपर्यंत आयन न्यायला मध्यम आकाराची छिद्रं लागतात.

नायट्रोजन इथे दोन गोष्टी करतो. पाण्यात कार्बन नीट भिजतो, त्यामुळे छिद्रांत द्रावण शिरतं. शिवाय काही नायट्रोजन स्वतः प्रोटॉन घेऊन आणि सोडून जादा भार साठवतात. २०१५ मध्ये शांघायच्या गटाने नायट्रोजन घातलेल्या सच्छिद्र कार्बनची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ग्रॅममागे ८५५ फॅरड नोंदवली. कडुनिंबाच्या कार्बनची ४०० होती. असे आकडे वाचताना एक लक्षात ठेवावं. ते फक्त कार्बनच्या वजनावर काढलेले असतात. डबा, धातूचा पत्रा, द्रावण, पडदा हे सगळं धरून प्रत्यक्ष बाजारातला सुपरकपॅसिटर किलोमागे पाच ते दहा वॅट-तासच देतो, लिथियम बॅटरी दीडशेच्या पुढे.

बॅटरीच्या बाबतीत आता लक्ष सोडियमकडे आहे. पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये सहज शिरतो, सहा कार्बनांमागे एक. सोडियम शिरत नाही. तो मोठा आहे म्हणून मावत नाही असं सर्रास सांगितलं जातं, पण पोटॅशियम सोडियमहून मोठा असून ग्राफाइटमध्ये मजेत शिरतो. खरं कारण ऊर्जेचं आहे, सोडियम आणि ग्राफाइटची जोडी टिकाऊच नसते. म्हणून सोडियमसाठी अस्ताव्यस्त थरांचा हार्ड कार्बन वापरतात. त्यात थरांमधलं अंतर ०.३७ नॅनोमीटर किंवा जास्त असतं आणि मधे बारीक पोकळ्या असतात. गंधक घातला की थर आणखी दूर सरकतात, नायट्रोजनने बसायच्या जागा वाढतात. पण जास्त परके अणू म्हणजे जास्त फायदा हे इथे खरं ठरत नाही. पहिल्याच चार्जिंगला काही सोडियम या जागांना कायमचा चिकटून बसतो आणि परत येत नाही. बॅटरीत सोडियम मोजूनच भरलेला असतो, त्यामुळे हे नुकसान शेवटपर्यंत भोवतं.

तापमानाचीही अशीच ओढाताण असते. भट्टी आठशे-नऊशे अंशांवर ठेवली तर नायट्रोजन टिकतो, पण कार्बन वीज नीट वाहत नाही. हजाराच्या वर नेली तर वीज वाहते, पण नायट्रोजन उडून जातो. आधी कडेचे जातात, मधोमध बसलेले उशिरा.

एखादी गोष्ट ओळखायची असेल तेव्हा

साखर तपासायच्या अनेक पट्ट्यांवर कार्बनच्या शाईने छापलेले इलेक्ट्रोड असतात. त्यावर एन्झाइम असतं, ते साखरेवर काम करतं आणि सुटलेले इलेक्ट्रॉन कार्बन गोळा करतो. तो कार्बन साधाच असतो. डोपिंग लागतं ते जिथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळून दिसतात तिथे. मेंदूतलं डोपामिन हे ठळक उदाहरण. ते ज्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं, जवळपास तिथेच क जीवनसत्त्वही सोडतं, आणि मेंदूत क जीवनसत्त्व डोपामिनहून कितीतरी पट जास्त असतं. साध्या कार्बनवर दोघांचा मिळून एकच उंचवटा दिसतो. नायट्रोजन घातलेल्या ग्राफीनवर ते सुटे दिसतात. शरीरातल्या द्रवात डोपामिन धनभारित असतं आणि क जीवनसत्त्व ऋणभारित. शिवाय डोपामिनचं सपाट कडं कार्बनच्या थराला लागून बसतं. दोघांशी पृष्ठभाग वेगवेगळा वागला की त्यांचे संकेत आपोआप वेगळे होतात.

होप हिऱ्यातल्या बोरॉनची युक्ती माणसाने खूप वाढवून वापरली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याच्या पातळ थरात इतका बोरॉन घालतात की तो जवळजवळ धातूसारखी वीज वाहतो. २००४ मध्ये तर असा हिरा अतिथंड केल्यावर वीज विनारोध वाहू देतो हेही दिसलं. सेन्सरसाठी त्याचा गुण वेगळाच आहे. पाण्यात प्लॅटिनमचं व्होल्टेज वाढवत नेलं की लवकरच पाणीच फुटायला लागतं आणि बुडबुड्यांत सगळा संकेत बुडतो. बोरॉनच्या हिऱ्यावर पाणी बराच काळ शांत राहतं, त्यामुळे उंच व्होल्टेजला प्रतिसाद देणारी औषधं आणि प्रदूषकं मोजता येतात. व्होल्टेज आणखी वाढवलं तर तोच इलेक्ट्रोड सांडपाण्यातली औषधं तोडून टाकतो. माझ्या मते या सगळ्या कुटुंबात सर्वांत भरवशाचा सदस्य हाच आहे, कारण इथे बोरॉन कुठे बसलाय याबद्दल शंका कमी असते.

कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म चमकणारे कण, यांच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) आणि एथिलीनडायअमाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन बंद भांड्यात दोनशे अंशांच्या आसपास तापवलं की तपकिरी द्रव मिळतो. अतिनील दिव्याखाली तो सुंदर निळा चमकतो. २०१३ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटाने या चमकेची कार्यक्षमता ८० टक्क्यांपर्यंत नेली. त्या द्रवात लोहाचे आयन पडले की चमक मंदावते, म्हणून पाण्यातलं लोह ओळखायला तो वापरता येतो असं शेकडो निबंध सांगतात. इथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, लोहाचं द्रावण स्वतःच अतिनील प्रकाश शोषतं. दिवा झाकला गेला म्हणून चमक कमी झाली की कण विझला, हे वेगळं करून दाखवायला हवं. दुसरी, नंतरच्या कामात असं दिसलं की त्या निळ्या प्रकाशाचा मोठा वाटा कणांचा नसून तापवताना बनलेल्या एका छोट्या सेंद्रिय रेणूचा आहे. गाळून, धुऊन, कण आणि रेणू वेगळे केल्याशिवाय नायट्रोजनने कार्बन चमकवला असं म्हणता येत नाही.

वायू ओळखण्याची कहाणी २००७ मध्ये मँचेस्टरमध्ये सुरू झाली. ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू येऊन बसला की विजेला होणाऱ्या रोधात पायरीसारखा बदल होतो हे तिथे मोजलं गेलं. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या कामात बोरॉन घातलेलं ग्राफीन वापरलं. नायट्रोजन डायऑक्साइडच्या बाबतीत ते साध्या ग्राफीनपेक्षा २७ पट संवेदनशील ठरलं आणि अब्जात काही भाग इतकी कमी मात्रा त्याला कळली. बोरॉनजवळ हा रेणू घट्ट धरला जातो, म्हणून हे जमतं.

आणि घट्ट धरला जातो म्हणूनच तो लवकर सुटत नाही. हवा स्वच्छ झाली तरी सेन्सर बराच वेळ जुनाच आकडा दाखवत राहतो. त्यात पाण्याची वाफही त्याच जागांवर हक्क सांगते. कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहात प्रयोगशाळेत उत्तम चाललेलं यंत्र जुलैतल्या मुंबईच्या हवेत वेगळंच काही सांगू शकतं. कारखान्यात गळती झाल्यावर एकदा ओरडणाऱ्या यंत्राला ही घट्ट पकड चालते. रस्त्यावरच्या चौकात दर मिनिटाला प्रदूषण मोजणाऱ्याला चालत नाही. तिथे बोरॉन कमी ठेवावा लागतो आणि थराच्या मागे छोटा हीटर बसवून प्रत्येक मोजणीनंतर चिकटलेले रेणू उडवून लावावे लागतात. हीटरला वीज लागते. त्यामुळे बोरॉन किती घालायचा हे ठरवताना वायू किती लवकर सुटावा आणि बॅटरी किती दिवस पुरावी, हेही बघावं लागतं.